गोड पिठाचा पाठ : आजीचे गुळाचे चिकट बन



आजचा पाठ स्वयंपाकघरातला आहे. नाताळ आणि ईस्टरला आमच्या घरी जे गुळाचे चिकट बन होतात, ते घरच्या घरी, भट्टीशिवाय कसे करावेत हे या लेखात सांगणार आहे. कृती माझ्या सासूबाईंची. मुले त्यांना आजी म्हणतात, म्हणून मीही इथे आजीच म्हणते. आज त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मागच्या डिसेंबरात त्यांनी पिठात साखर दोनदा घातली आणि मीठ घालायचे विसरल्या. बन बिघडले याचे कोणालाच काही वाटले नाही. पण त्या स्वतः एक घास खाऊन गप्प झाल्या, आणि त्या रात्री मी ठरवले की ही कृती आता नीट लिहून घ्यायची. वही होतीच, पण वहीने मला याआधी एकदा फसवले होते. ते पुढे सांगते.

१. हे पीठ आले कुठून?

आजीचे माहेर वसईकडचे. तिकडे लग्नसराईत 'फुगे' करतात. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि आंबवण घालून सैलसर पीठ भिजवायचे आणि त्याचे गोळे तेलात सोडायचे. ते चेंडूसारखे टम्म फुगतात, म्हणून नाव फुगे. पूर्वी आंबवणासाठी ताडी वापरत, पुढे यीस्ट आले. आंबवलेल्या गव्हाच्या पावाची ही रीत आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर रुजली. गोवा १५१० साली त्यांच्या ताब्यात गेला, वसई १५३४ साली. इथे त्यांना यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर कामी आली. गोव्याचे पदेर आणि त्यांचे पाव यांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आजी १९६४ साली लग्न होऊन आपल्या जिल्ह्यात आल्या. आजोबा रेल्वेत, बिऱ्हाड पूर्णा जंक्शनच्या क्वार्टरमध्ये. इथे नारळ महाग आणि ताडीचा तर प्रश्नच नव्हता. मग नारळाच्या दुधाच्या जागी म्हशीचे दूध आले, काजूच्या जागी शेंगदाणे आले आणि ताडीच्या जागी यीस्ट. तळायला तेल फार लागे, म्हणून शेजारच्या एका नर्सबाईंनी नवी युक्ती शिकवली. त्याच पिठाची पोळी लाटायची, तिच्यावर गूळ पसरायचा, वळकटी करून तुकडे कापायचे आणि गुळाच्या थरावर रचून भाजायचे. भाजून झाल्यावर डबा उलटा केला की गूळ वर येतो आणि बनांवरून ओघळतो.

नर्सबाई ही युक्ती कुठे शिकल्या ते आजीला ठाऊक नाही. पण असे बन जगात इतरत्रही आहेत. जर्मन लोक त्यांना 'श्नेकन' म्हणतात, म्हणजे गोगलगायी, कारण वळकटीचा काप गोगलगायीच्या शंखासारखाच दिसतो. जर्मन भाषिक कुटुंबे अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिली. तिथल्या फिलाडेल्फिया शहराचे चिकट बन आजही प्रसिद्ध आहेत.

२. ज्वारीच्या मुलखात मैदा कशाला?

आपला जिल्हा ज्वारीचा. येथील कृषी विद्यापीठाने काढलेले 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मग बन ज्वारीचे का करू नयेत, असे माझ्या मुलाने एकदा विचारले होते. प्रश्न चांगला आहे.

भाकरी थापताना तुम्ही पाहिले असेल, ज्वारीचे पीठ ताणले की तुटते. गव्हाचे पीठ ताणले तर लांबते. गव्हात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळण बसली की ती एकमेकांत गुंतून रबरासारखे जाळे तयार करतात. या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव आहे. तो साखर खातो आणि वायू सोडतो. तो वायू या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. ज्वारीत असे जाळे होतच नाही, त्यामुळे वायू निघून जातो. भाकरीला पापुद्रा सुटतो तो तव्यावरच्या वाफेमुळे, आंबवणामुळे नव्हे.

तेव्हा ज्वारी कमी आणि गहू मोठा असे काही नाही. ज्याचे काम त्याने करावे.

३. गोड पीठ हळू का चालते?

साध्या पावाच्या पिठापेक्षा हे पीठ सावकाश फुगते, आणि घाई करणाऱ्याचा इथेच घात होतो. साखर पाणी ओढून घेते, म्हणून जास्त साखरेत यीस्ट मंदावते. लोणी, तूप पिठाच्या कणांना लपेटून बसते आणि जाळे लवकर बनू देत नाही. दूध-अंड्यांनी पीठ जड होते. म्हणजे ज्या गोष्टींनी बन मऊ आणि चविष्ट होतो, त्याच गोष्टी त्याला उशीर लावतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मळायचे, मग लोणी घालायचे. आणि घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहायचे. मे महिन्यात परभणीत पारा ४२ अंशांवर असतो तेव्हा पीठ पाऊण तासात दुप्पट होते. आणखी ठेवले तर आंबूस वास येतो. त्या दिवसांत आजी थंड दूध वापरतात आणि पातेले ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतात. नाताळच्या थंडीत हेच पीठ दोन-अडीच तास घेते. तेव्हा पातेले गोधडीत जाते.

४. वहीने मला कसे फसवले

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आजी माहेरी गेल्या होत्या. सणाला बन आपणच करावेत म्हणून मी वही काढली. वहीत लिहिले होते : 'तीन चिपटी मैदा, दूध कोमट, यीस्ट, साखर अंदाजाने, पीठ हाताला कळेल तसे.' एवढेच.

मी दूध उकळले, थोडे थांबले आणि यीस्टवर ओतले. माझ्या मते ते कोमट होते. तीन तास वाट पाहिली, पीठ जागचे हलले नाही. शेवटी ते शेजारच्या कोंबड्यांना घातले. यीस्ट साधारण ५५ ते ६० अंशांना मरते हे मला पुढे कळले. आजी परत आल्यावर मी घाबरत सांगितले.

"आई, वहीत कोमट लिहिलंय, पण कोमट म्हणजे किती?"

त्या हसल्या. "अगं, करंगळी बुडवून दहा आकडे मोजायचे. सुखानं मोजता आले तर कोमट. मला वाटलं हे सगळ्यांना ठाऊकच असतं."

वहीत राहून गेले ते नेमके हेच, 'सगळ्यांना ठाऊक असते' असे वाटलेले. आपल्या घरच्या बहुतेक कृतींचे असेच आहे. लिहिणारीला जे अगदी साधे वाटते ते ती लिहीत नाही, आणि नेमके तेच तिच्याबरोबर जाते.

म्हणून या खेपेला मी वही बाजूला ठेवली आणि तराजू घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी चिपट्याने मैदा घेतला की मी तो तोलायचा, मुठीने साखर घेतली की तीही तोलायची. आमच्या घरचे चिपटे पितळी आहे, आजीच्या सासूबाईंचे. त्यात मैदा १६५ ग्रॅमच्या आसपास बसतो. दुसऱ्या घरच्या चिपट्यात एवढाच बसेल असे नाही. तोलताना आजी दोनदा रागावल्या. "किती मोजतेस! पिठाला लाज वाटेल." पण तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाल्या, "थांब, आधी तोल, मग घालते."

५. साहित्य (चौदा बनांसाठी)

पिठासाठी :
- मैदा ५०० ग्रॅम
- दूध २४० मिली, करंगळीला सोसेल इतके कोमट
- साखर ७५ ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे
- अंडे १ (नको असल्यास दूध तीन मोठे चमचे जास्त)
- मीठ १ लहान चमचा
- मऊ लोणी ६० ग्रॅम

आतल्या सारणासाठी : किसलेला गूळ ८० ग्रॅम, दालचिनीची पूड दोन लहान चमचे, थोडी वेलची, पातळ तूप दोन मोठे चमचे.

खालच्या थरासाठी : गूळ १५० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, दुधाची साय तीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, जाडसर भरडून.

६. कृती

(१) कोमट दुधात एक चमचा साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे झाका. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस नाही आला तर पुढे जाऊ नका. एक पाकीट वाया गेले तरी चालेल, अर्धा किलो मैदा वाया घालवू नका.

(२) परातीत मैदा, उरलेली साखर आणि मीठ मिसळा. त्यात अंडे आणि यीस्टचे दूध घालून गोळा करा. पीठ हाताला चिकटेल. वरून मैदा घालण्याचा मोह टाळा, नाहीतर बन कोरडे होतात. दहा मिनिटे मळा.

(३) आता लोणी थोडे थोडे घालत आणखी आठ-दहा मिनिटे मळा. सुरुवातीला पीठ बिघडल्यासारखे, फाटल्यासारखे दिसेल. थांबू नका, ते पुन्हा जुळून येते. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी ताणा. न फाटता पातळ पडदा झाला तर मळण पुरी झाली.

(४) तूप लावलेल्या पातेल्यात झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. पिठात बोट खुपसा. खळगा तसाच राहिला तर तयार. लगेच भरून आला तर अजून थांबा.

(५) तोवर खालचा थर करा. गूळ आणि लोणी मंद आचेवर फक्त विरघळवा, खाली उतरवा आणि मग साय घाला. गूळ-दूध एकत्र उकळले तर दूध फाटते. पाक मुळीच करू नका. चिक्कीचा पाक झाला तर बन उलटल्यावर वर चिक्कीच बसेल. हे मिश्रण १८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन डब्यांत निम्मे निम्मे ओता आणि त्यावर शेंगदाणे पसरा.

(६) पिठाचे दोन भाग करा. एकेक भाग लाटून सुमारे ३५ बाय २५ सेंटिमीटरची चौकोनी पोळी करा. तूप लावा, गूळ-दालचिनी भुरभुरा, लांब बाजूने घट्ट वळकटी करा आणि सात तुकडे करा. सुरीने वळकटी चेपते. आजी शिवणाचा दोरा खालून सरकवतात, वर दोन्ही टोकांची आढी घालतात आणि ओढतात. काप गोल राहतो.

(७) डब्यात मध्ये एक आणि भोवती सहा असे तुकडे ठेवा. झाकून अर्धा-पाऊण तास फुगू द्या. एक डबा भाजेपर्यंत दुसरा गार जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

७. भट्टी नसली तरी

ओव्हन असेल तर १८० अंशांवर साधारण २५ मिनिटे पुरतात. पण आपल्यापैकी अनेकांकडे तो नाही, आणि असला तरी वीज असेलच असे नाही. नानकटाईसाठी जसे आपण सामान घेऊन बेकरीत जातो तसे हे बन नेता येत नाहीत, कारण ते वाटेतच जास्त फुगतात.

एक जुने, जाड बुडाचे मोठे पातेले किंवा वापरातून काढलेला कुकर घ्या. कुकर असेल तर शिट्टी आणि रबरी रिंग काढून टाका. चांगला, रोजचा कुकर यासाठी वापरू नका. तळाला दोन बोटे कोरडी वाळू किंवा जाडे मीठ घाला, वर उंच स्टँड ठेवा आणि झाकून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवा. मग डबा आत ठेवून झाकण लावा आणि आच मंद करा. ३५ ते ४० मिनिटे लागतात. खिडकी उघडी ठेवा.

इथे एक गंमत आहे. कुकरमध्ये उष्णता मुख्यतः खालून येते, म्हणून केक किंवा पाव वरून पांढरा राहतो आणि आपण हिरमुसतो. हे बन मात्र उलटे करून वाढायचे असतात. खालची, गुळाने तांबूस झालेली बाजू वर येते आणि पांढरी बाजू ताटाला लागते. ओव्हन नसलेल्या घरासाठीच कोणीतरी हा बन शोधला असावा असे वाटते! मात्र आच मोठी झाली तर हाच गूळ जळून कडू होतो, म्हणून स्टँड उंच आणि आच मंद ठेवायला विसरू नका.

मधल्या बनात काडी खुपसून पाहा. कच्चे पीठ लागले नाही तर झाले. डबा बाहेर काढून पाच मिनिटे थांबा आणि मग ताटात उलटा करा. लगेच उलटला तर उकळता गूळ हातावर येतो, फार उशीर केला तर गूळ तळाशी धरतो. गुळाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो कारण तो कातडीला चिकटून राहतो. या वेळी मुलांना दूर ठेवा. चटका बसलाच तर बराच वेळ वाहत्या गार पाण्याखाली धरा.

८. तीन मापे पीठ

संत मत्तयच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू येशू एका स्त्रीचा दाखला देतो. ती थोडे खमीर घेते आणि तीन मापे पिठात लपवते, आणि सगळे पीठ फुगते. ती तीन मापे म्हणजे सुमारे ४० लिटर पीठ होते असे अभ्यासक सांगतात. शंभरावर माणसांना पुरेल एवढी ही भाकर! आमच्या आजीची तीन चिपटी त्यापुढे काहीच नाहीत. पण दोन्हींकडे गोष्ट एकच आहे. खमीर पिठात गेल्यावर दिसत नाही आणि त्याचे काम आपल्या घाईने होत नाही.

ईस्टरला असे गोड, लोण्याचे पाव करण्यामागेही कारण आहे. युरोपात पूर्वी उपवासकालात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी यांचाही त्याग करीत. सण उजाडला की या साऱ्या गोष्टी एकाच पिठात एकत्र येत. म्हणून आजी उपवासकालात हे बन कधी करत नाहीत. मुलांनी हट्ट केला तरी त्यांचे उत्तर ठरलेले असते : "वाट पाहिली की गोड लागतं."

९. शेवटी

त्या दिवशी तोलून-मापून केलेले बन उत्तम झाले. पहिला बन आजीला दिला. त्यांनी चावून पाहिला आणि म्हणाल्या, "मीठ आहे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता मी विसरले तरी चालेल."

मला तेव्हा काही बोलता आले नाही. त्यांना आठवते तोवर पुढचे बनही त्यांच्या शेजारी उभे राहूनच करणार आहे, कारण कृती कागदावर आली तरी त्यांचे बोट, त्यांचा दोरा, त्यांचे रागावणे कागदावर येत नाही. धाकटी पुण्याला वसतिगृहात जायच्या आत तीही एकदा मळायला बसणार आहे.

विचार करण्यासाठी :

१. तुमच्या घरात अशी कोणती कृती आहे जी फक्त एकाच व्यक्तीच्या हातात आहे?

२. त्या व्यक्तीच्या शेजारी तुम्ही शेवटचे कधी उभे राहिलात?

३. तुमच्या घरी कोणकोणते पदार्थ गाव बदलल्यावर बदलले? कशाच्या जागी काय आले?

या आठवड्यासाठी : घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाकडून तरी एक कृती शिकून घ्या. वजने लिहा, वेळ लिहा, आणि 'सगळ्यांना ठाऊकच असते' असे जे त्यांना वाटते ते मुद्दाम विचारून लिहा. बन केलेत तर पहिला त्यांना द्या, आणि एक शेजारी पाठवा.